पोटांत तुटणें

दुखवट्याला येणाऱ्या माणसांचें मला फार कौतुक वाटतें. हें वाक्य मीं उपरोधानें लिहिलेलें नाहीं. गेल्या आषाढांत माझी आई गेली, आणि त्यानंतरच्या तेरा दिवसांत आमच्या ओसरीवर शे-दीडशें माणसें तरी येऊन बसून गेलीं. विरारच्या पश्चिमेला, आगाशीच्या वाटेवर, आमची केळीची वाडी आणि जुनें कौलारू घर अजून उभें आहे. भोवतीं इमारतींनीं वेढा घातला आहे खरा. पण येणारीं-जाणारीं माणसें बरीचशीं जुनींच आहेत. वाडवळ शेजारी आले, भंडारी आले, सामवेदी आले, पलीकडच्या आळींतल्या ख्रिस्ती बायका आल्या. यांपैकीं कोणालाहि कोणीं शिकविलें नव्हतें, पण पायरी चढतां चढतां प्रत्येकाचा चेहरा कसा आपोआप उतरत असे, आवाज किती पट्ट्या खालीं येत असे, आणि चार-पांच मिनिटें स्तब्धतेंत गेल्यावर "वय काय होतें हो?" हा प्रश्न नेमक्या कोणत्या क्षणीं पुढें येत असे, हें पाहून गवयाच्या समेची आठवण व्हावी. समेनंतर चहा होई. फाटकाबाहेर पडल्यावर कांहींजण वाडीच्या जमिनीला आतां काय भाव येईल याचा अदमास घेत, तोहि माझ्या कानांवर येई. पण त्यांचा मला राग आला नाहीं. त्यांच्या येण्यानें बरें वाटत होतें, एवढें खरें.

या मैफलींत एकच माणूस बेसूर होता, आणि तो माझा भाचा.

तो चोवीस वर्षांचा आहे. आईच्या आजारपणांत माझी धाकटी बहीण त्याला घेऊन चार महिने वाडींतल्या घरीं येऊन राहिली होती. ज्या पहाटे आई गेली त्या पहाटे तो माजघराच्या दारांत उभा होता. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले, मान किंचित् वर, दृष्टि भिंतीवरच्या घड्याळावर. बायकांनीं हंबरडा फोडला तेव्हां त्यानें कानांवर हात ठेवले. बहिणीनें जवळ घेतलें तेव्हां तो तिच्या मिठींतून, एखाद्याला वाट द्यावी तसा, हळूच बाजूला झाला. डोळ्यांत टिपूस नव्हतें. सकाळीं आलेल्या एका वृद्ध शेजाऱ्यांना तो म्हणाला, "तुम्ही पांच मिनिटांत चार वेळां 'सुटली बिचारी' म्हणालांत. आजीला सुटायचें नव्हतें. तिला दिवाळीपर्यंत राहायचें होतें." यांतला शब्द न् शब्द खरा होता, आणि म्हणूनच ओसरी एकदम गप्प झाली. मग त्यानें तीन वेळां एकच प्रश्न विचारला : "आजीची खाट आतां कोठें ठेवायची?" आंतल्या खोलींत कोणी तरी म्हणालें, "दगड आहे पोरगा." तें मला ऐकूं आलें, आणि माझ्याहि मनांत त्याहून वेगळा शब्द नव्हता.

स्मशानांतून परतल्यावर त्यानें खाटेचा प्रश्न चौथ्यानें विचारला, तेव्हां माझा तोल गेला. सगळ्यांच्या देखत मी ओरडलों, "अरे, काळीज आहे कीं नाहीं तुला?" त्यानें डाव्या मनगटावर उजव्या हाताचीं दोन बोटें ठेवलीं, घड्याळाकडे पाहिलें, आणि मिनिटभरानें अगदीं सरळ आवाजांत उत्तर दिलें, "आहे, मामा. मिनिटाला ११८ ठोके पडताहेत. सकाळपासून असेच पडताहेत."

मला ती उद्धटपणाची परमावधि वाटली. "बाहेर जा," मी म्हणालों.

तो गेला. पाऊस पडत होता. घरांत माणसांची वर्दळ, गुरुजींच्या सामानाची यादी, गांवोगांव करायचे फोन. या गडबडींत त्याची आठवण कोणालाच राहिली नाहीं. दिवेलागणीला बहीण शोधूं लागली, तेव्हां तो वाडीच्या टोकाला बावखलाच्या कांठीं उभा असलेला सांपडला. (बावखल म्हणजे आमच्या वसई भागांतल्या वाड्यांमधलें गोड्या पाण्याचें लहानसें तळें, बाहेरच्या वाचकांसाठीं एवढें सांगावें लागतें, आणि आतां बरींच बावखलें बुजविलीं गेल्यामुळें आमच्याच मुलांनाहि सांगावें लागतें.) चार तास तो तेथें भिजत होता. "घरांत कां नाहीं आलास?" असें विचारल्यावर म्हणाला, "मामा 'बाहेर जा' म्हणाले. किती वेळ, तें म्हणाले नाहींत." त्या रात्रीं त्याला ताप भरला, आणि सुतकाचे पहिले चार दिवस बहीण माझ्याशीं एक शब्दहि बोलली नाहीं.

येथें माझ्या व्यवसायाचा उल्लेख करणें भाग आहे, कारण त्यामुळें माझा अपराध अधिकच हास्यास्पद होतो. मी इंग्रजी वाङ्मय शिकवितों. आल्बेर काम्यूची १९४२ सालची जी कादंबरी इंग्रजींत 'दि आउटसायडर' या नांवानें ओळखली जाते, ती मीं वर्गांत अनेकदां शिकविली आहे. तिचा नायक मर्सो याच्यावर खटला असतो मनुष्यवधाचा. पण सरकारी वकील ज्यूरीपुढें पुन्हा पुन्हा मांडतो तें निराळेंच. हा माणूस आपल्या आईच्या अंत्यविधीला रडला नाहीं! या प्रसंगावर बोलतांना माझा आवाज चढतो, समाजाच्या ढोंगीपणावर मी चार कठोर वाक्यें बोलतों, आणि मुलें तीं वहींत उतरून घेतात. इतकीं वर्षें मर्सोचें वकीलपत्र घेतल्यावर घरीं मात्र मीं फिर्यादी पक्षाचा झगा चढविला, तोहि अगदीं पहिल्या संधीला.

माझ्या भाच्याला वयाच्या सहाव्या वर्षीं मुंबईच्या डॉक्टरांनीं ऑटिझम असल्याचें सांगितलें. मराठींत कोणी त्याला स्वमग्नता म्हणतात, कोणी आत्ममग्नता. भाषांतर चुकलें आहे असें म्हणतां येणार नाहीं. खोच मूळ शब्दांतच आहे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोवैद्यांनीं १९११ च्या आपल्या ग्रंथांत ग्रीक 'आउतोस', म्हणजे 'स्वतः', यावरून बनलेला हा शब्द वापरला, आणि तो छिन्नमनस्क रोग्यांच्या एका लक्षणासाठीं. पुढें १९४३ सालीं बॉल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं, त्यांत आठ मुलगे आणि तीन मुली होत्या. तेव्हां त्यांनीं हा शब्द उसना घेतला, आणि भावनिक संपर्कांतच बिघाड आहे असें निबंधाच्या मथळ्यांत म्हणून टाकलें. एकदां नांव पडलें कीं माणूस त्या नांवासारखा दिसूं लागतो. कवीला आपण आत्ममग्न म्हणतों तेव्हां ती स्तुति असते. मुलाला म्हणतों तेव्हां तें निदान होतें, आणि निदानाच्या आडून एक आरोपहि येतो, कीं याला स्वतःपलीकडे कोणी दिसतच नाहीं.

आपल्याकडे सरकारी दाखल्यासाठीं जी भारतीय मोजपट्टी २००९ सालापासून आली तींत ४० कलमें आहेत. प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या आंत राहिली तर मूल स्वमग्न नव्हे, १५३ च्या वर गेली तर तीव्र. बहिणीबरोबर त्या तपासणीला मी एकदां गेलों होतों. भावनिक प्रतिसादाच्या विभागांत एक कलम असें आहे, कीं उघड कांहीं कारण नसतां मूल उत्तेजित किंवा अस्वस्थ होतें. बहिणीनें विचारलें, "उघड कोणाला?" तेव्हां मला तो आईचा हळवेपणा वाटला. डॉक्टर हंसले, मीहि हंसलों, आणि बहिणीनें त्या कलमापुढें तीन गुण मांडूं दिले.

इंग्रजींतला 'एम्पथी' हा शब्द तसा अलीकडचा. जर्मन सौंदर्यशास्त्रांत रॉबर्ट फिशर यांनीं १८७३ सालीं चर्चेंत आणलेल्या एका संज्ञेचें तें १९०९ सालीं टिचेनर यांनीं केलेलें भाषांतर. मराठींत आपण समानुभूति म्हणतों. या एका भारदस्त शब्दाच्या पोतडींत दोन निरनिराळ्या वस्तु कोंबलेल्या आहेत. घरगुती मराठींनें त्या कधींच वेगळ्या ठेवल्या आहेत : एक जाण, आणि दुसरा कळवळा. दुसऱ्याच्या मनांत काय चाललें आहे हें त्याच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून, न उच्चारलेल्या शब्दावरून ताडणें ही जाण. त्याच्या दुःखानें आपल्या आंत कांहीं तरी हलणें हा कळवळा. दोन्ही एकाच ठिकाणीं असलीं म्हणजे फार उत्तम. पण तीं जुळींच जन्माला येतात असा कांहीं नियम नाहीं. विरारहून सकाळच्या चर्चगेट गाडींत चढणारा खिसेकापू घ्या. कोण पेंगुळलें आहे, कोणाचें लक्ष दारांतल्या भांडणाकडे आहे, पगाराच्या दिवशीं कोणाचा हात नकळत कोणत्या खिशाकडे जातो, हें त्याला एका दृष्टिक्षेपांत कळतें. त्याची जाण माझ्यापेक्षां शतपट. कळवळ्याविषयीं न बोललेलें बरें. आमच्या तालुक्यांत जमिनीचे दलालहि आहेत, पण तो विषय लांबेल.

जाण आहे आणि कळवळा नाहीं असा माणूस आपल्याला सहज पटतो. मग कळवळा आहे आणि जाण अपुरी, असा माणूस कां पटूं नये? पण तसा माणूस समोर आला म्हणजे आपण त्याला दगड म्हणतों.

१९८५ सालीं लंडनमध्यें सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनीं केलेला प्रयोग आतां मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकांत सांपडतो. सॅली आणि ॲन या दोन बाहुल्या. सॅली आपली गोटी टोपलींत ठेवून बाहेर जाते. तिच्या माघारीं ॲन ती काढून पेटींत लपविते. सॅली परत आली. ती गोटी कोठें शोधील? टोपलींत, असें म्हणणाऱ्या मुलाला सॅलीच्या मनांतली चुकीची समजूत कळली. २७ सामान्य मुलांपैकीं २३ जणांनीं बरोबर उत्तर दिलें, डाउन लक्षणांच्या १४ पैकीं १२ जणांनीं दिलें. पण स्वमग्न मुलांत २० पैकीं १६ चुकलीं. निष्कर्ष महत्त्वाचा होता, आणि प्रयोगहि चतुर होता. परंतु बाहुलीची गोटी हरवली म्हणून या वीस मुलांपैकीं कोणाला वाईट वाटलें कीं नाहीं, हा प्रश्न त्यांत विचारलेलाच नव्हता. परीक्षा जाणीची झाली. लोकांनीं निकाल मात्र कळवळ्याचाहि लावून टाकला. शिवाय चौघांनीं बरोबर उत्तर दिलें होतें, हें सांगायला बहुतेक लोक विसरतात. मीहि वर्गांत सांगतांना विसरत असें. पुढें २००८ सालीं जर्मनींत इझाबेल झिओबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रौढ स्वमग्न व्यक्तींमध्यें या दोन्ही गोष्टी एकाच चाचणींत वेगवेगळ्या मोजल्या. दुसऱ्याला काय वाटत आहे हें ओळखण्यांत त्या मागें पडल्या. त्याच्याबद्दल काय वाटलें या बाबतींत इतरांहून कमी भरल्या नाहींत.

हें सारें मीं वाचलें तें मात्र आईच्या तेराव्यानंतर, आणि त्याला एक वही कारण झाली.

तेराव्या दिवशीं आईची खोली आवरतांना खाटेच्या पायथ्याशीं खिळ्याला अडकविलेली शाळकरी दोनरेघी वही बहिणीला मिळाली. अक्षर भाच्याचें. आईला शेवटचे दोन-अडीच महिने रात्रीं झोप नसे. आम्ही पाळ्या लावल्या होत्या, आणि पाळींत आम्ही झोपत होतों. हा मात्र खाटेच्या पायथ्याशीं स्टुलावर बसून असे. त्याला झोप मुळांतच कमी, म्हणून आम्हीं त्याकडे फारसें लक्ष दिलें नव्हतें. वहींत रात्रीमागून रात्र नोंदी होत्या. त्यांतली एक येथें देतों :

"१२.५० आजी जागी. पाणी दिलें, चार चमचे. २.१० कूस वळविली. ३.४० कण्हली. माझ्या पोटांत दुखलें. ३.५५ झोपली. पोट थांबलें."

मीं ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. 'माझ्या पोटांत दुखलें' हें वाक्य ३१ रात्रींच्या नोंदींत आहे, आणि प्रत्येक वेळीं तें 'कण्हली' या शब्दानंतर आहे. एकदांहि आधीं नाहीं.

आतां सांगायला लाज वाटते, पण त्या महिन्यांत त्याच्या पोटदुखीचा आमच्या घरांत थोडा उपहासच झाला होता. माझ्या पत्नीनें ओंवा दिला, हिंग लावला. डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या. सोनोग्राफीहि झाली आणि तींत कांहीं निघालें नाहीं. कामें टाळायचीं म्हणून पोट दुखतें, असा निर्णय मीं मनाशीं दिला होता. मराठींत दुसऱ्याचें बरें झालेलें पाहून पोटांत दुखतें, आणि दुसऱ्याचे हाल पाहून पोटांत तुटतें, पोटांत कालवतें, आंतडें पिळवटतें. भाषा घडविणाऱ्या आमच्या पूर्वजांनीं कळवळ्याचें ठिकाण काळजाइतकेंच पोटांतहि नेमून दिलें आहे. आपण हे वाक्प्रचार इतके वापरले आहेत कीं त्यांतलें पोट नाहींसें झालें आहे, आणि नुसता प्रचार उरला आहे. भाच्याच्या बाबतींत उलट घडलें होतें. वाक्प्रचार त्याच्याजवळ नव्हता. पोट तेवढें होतें.

आपल्या भावनेला नांव न सांपडणें, ती केवळ शरीरांत कोठें तरी जाणवणें, या प्रकाराला मानसशास्त्रांत एक स्वतंत्र संज्ञा आहे : ॲलेक्सिथायमिया. भावनेसाठीं शब्द नसणें, असा तिचा ग्रीक अर्थ. स्वमग्न व्यक्तींपैकीं सुमारें निम्म्यांत तो आढळतो, आणि स्वमग्न नसलेल्या कांहीं लोकांतहि आढळतो. २०१० सालीं जेफ्री बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक तपासणी केली. आपल्या जवळच्या माणसाला वेदना होतांना पाहून पाहणाऱ्याच्या मेंदूंत काय होतें, हें त्यांनीं स्वमग्न आणि इतर अशा दोन्ही गटांत पाहिलें. प्रतिसाद कमी-अधिक होता तो स्वमग्नतेप्रमाणें नव्हे, तर या शब्दहीनतेच्या प्रमाणांत. म्हणजे जी उणीव एका नांवावर मांडली जात होती ती निदान कांहीं अंशीं दुसऱ्याच्याच खात्यावरची निघाली. आणि अनेक स्वमग्न व्यक्तींनीं स्वतःविषयीं लिहिलें आहे तें तर याहून पुढचें आहे. दुसऱ्याचें दुःख आपल्याला कमी नव्हे, पेलवणार नाहीं इतकें जाणवतें. पण तें कोणाचें, कशामुळें, आणि त्यावर काय करायचें, हें कळत नाहीं, म्हणून आपण कान झांकतों, दूर होतों, किंवा थिजून जातों, असें तीं सांगतात.

थिजण्यावरून मला माझाच फळा आठवला. पदव्युत्तर वर्गाला पाश्चात्त्य समीक्षेच्या जोडीला थोडी रसचर्चा सांगावी लागते. त्या निमित्तानें भरताच्या नाट्यशास्त्रांतले आठ सात्त्विक भाव मी दरवर्षीं लिहून देतों : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रु, प्रलय. अंतःकरण खरोखर हललें म्हणजे देहावर उमटणाऱ्या या खुणा. त्यांत अश्रु सातवे आहेत. पहिला आहे स्तंभ, म्हणजे माणूस खांबासारखा जागच्या जागीं खिळून राहणें. भय, विस्मय, विषाद यांनीं तो होतो असें शास्त्र सांगतें. हात सरळ, मान वर, दृष्टि घड्याळावर. आठांपैकीं एकच खूण मला ओळखतां येत होती, आणि ती दिसली नाहीं म्हणून मीं बाकीच्या सातांचा तपासहि केला नाहीं. आणि असला मी, आपल्या आचार्यांचा 'सहृदय' हा शब्द वर्गांत अशा थाटांत उच्चारतों, जणूं तो माझ्याच नांवामागें लावायचा आहे!

खाटेचा प्रश्नहि बहिणीनें मागाहून उलगडला. तो म्हणाला, "खाट हलविली तर माझें स्टूल कोठें ठेवूं? रात्रीं मी कोठें बसूं?"

यावरून मी आतां भाच्याला संत करून टाकणार आहें असें कोणी समजूं नये. त्याच्याबरोबर राहणें अवघड आहे. जाण अपुरी असणें हें केवळ परीक्षेंतलें अपयश नव्हे. त्याचा ताप त्यालाहि होतो आणि घरालाहि होतो. दोन वर्षांपूर्वीं विरारहून गाडींत त्याच्या शेजारीं बसलेला एक तरुण मुलगा रडत होता. माझ्या भाच्यानें त्याला सांगायला सुरुवात केली, कीं विरारहून मुंबईला पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजीं सुटली, आणि विरार ते चर्चगेट अंतर ६० किलोमीटर आहे. तो मुलगा चिडून नालासोपाऱ्यालाच उतरला. घरीं येऊन भाच्यानें आईला विचारलें, "मला हें सांगितलें कीं बरें वाटतें. त्याला कां नाहीं वाटलें?" या प्रश्नाचें उत्तर मला आजहि नीटसें देतां येणार नाहीं, पण त्या मुलाचें रडणें त्याला दिसलेंच नव्हतें असें मात्र कोणीं म्हणूं नये. आणि सर्व स्वमग्न माणसें माझ्या भाच्यासारखीं असतात असेंहि नाहीं. कांहीं मुळींच बोलत नाहींत, कांहीं अत्यंत मार्मिक बोलतात, कांहीं खरोखरच अलिप्त असतात. अलिप्त माणसें आमच्या प्राध्यापक-कक्षांतहि पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याजवळ कोणताहि दाखला नाहीं.

डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले इंग्रज समाजशास्त्रज्ञ. त्यांनीं २०१२ सालीं असें मांडलें, कीं ही अडचण एकतर्फी नाहीं. स्वमग्न माणसाला इतरांचें मन वाचतां येत नाहीं असें आपण म्हणतों. पण इतरांना तरी स्वमग्नाचें मन कोठें वाचतां येतें? दोन माणसांमधला पूल तुटला तर दोष एकाच कांठाचा कसा? हें वाचतांना मला प्रथम तें वकिली वाटलें. परंतु त्यानंतर झालेले प्रयोग विचार करायला लावणारे आहेत. एडिंबरो येथें कॅथरिन क्रॉम्प्टन यांनीं आठ-आठ माणसांच्या साखळ्या करून आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा एक प्रयोग केला, तो २०२० सालीं प्रसिद्ध झाला. सगळे स्वमग्न असलेल्या साखळींत गोष्ट जितकी शाबूत पोंचली तितकीच ती सगळे इतर असलेल्या साखळींतहि पोंचली. ती गळली मिश्र साखळींत. याच मंडळींनीं २०२५ सालीं मोठ्या प्रमाणावर पुन्हा प्रयोग केला, तेव्हां मिश्र साखळींतली ती गळ आढळली नाहीं; म्हणून त्यावर फार मोठी इमारत मी उभारणार नाहीं. स्वमग्नांची साखळी इतरांपेक्षां उणी पडते असें मात्र दोन्ही वेळां दिसलें नाहीं.

मला अधिक बोंचला तो नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ सालचा अभ्यास. स्वमग्न आणि इतर व्यक्तींच्या बोलण्याच्या कांहीं सेकंदांच्या चित्रफिती त्यांनीं अनोळखी लोकांना दाखविल्या. तेवढ्या क्षणांतच लोकांनीं स्वमग्न व्यक्तींविषयीं प्रतिकूल मत बनविलें. यांच्याशीं बोलायला, यांच्या शेजारीं राहायला आम्हांला फारसें आवडणार नाहीं, असें म्हणाले. नुसता आवाज ऐकविला, नुसतें छायाचित्र दाखविलें, तरी तेंच. मात्र त्याच व्यक्तींचें तेंच बोलणें कागदावर उतरवून नुसतें वाचायला दिलें, तेव्हां तो भेद नाहींसा झाला. ज्या माणसानें सारें आयुष्य कागदावरच्या शब्दांवर काढलें त्याच्या घरांत एक वही अडीच महिने खिळ्याला लटकत होती.

आई गेल्याच्या वर्षीं घरांत दिवाळी नसते. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळीं मी ओसरीवर एकटाच बसलों होतों. आजूबाजूच्या इमारतींतून आकाशकंदील लागले होते. आमच्या ओसरीवर अंधार होता. भाचा आंतून आला आणि माझ्यापासून दोन हातांवर उभा राहिला. माझ्या चेहऱ्याकडे न पाहतां, खांबाकडे पाहत तो म्हणाला, "मामा, तुम्ही रडणार आहांत का? मला चेहऱ्यावरून कळत नाहीं, म्हणून विचारतों. माझ्या पोटांत दुखतें आहे. तुम्ही रडणार असलांत तर मी येथें बसूं, कीं आंत जाऊं?"

शे-दीडशें माणसांपैकीं कोणीं मला हें विचारलें नव्हतें.

"बस," मी म्हणालों.

तो लगेच बसला नाहीं. "किती वेळ?"

मीं क्षणभर विचार केला आणि नीट सांगितलें, "नऊ वाजेपर्यंत."

त्यानें उघड्या दारांतून आंतल्या घड्याळाकडे पाहिलें, आंत जाऊन आपलें स्टूल आणलें, आणि माझ्यापासून तेंच दोन हात अंतर ठेवून तो बसला. तेव्हां आठ वाजून दहा मिनिटें झालीं होतीं.